‘चालू ऐती’ आणि ‘चलो ऐती’

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या वस्तू खाली उतरतात. पूर्वी त्यातला जुना टेपरेकॉर्डर किंवा रेकॉर्डप्लेअर थेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायचा. आता तसे होत नाही. आधी तो ओल्या फडक्याने पुसला जातो, घरातला कॉलेजकुमार मोबाईलवर त्याचे चार फोटो काढतो आणि दुपारपर्यंत ओएलएक्सवर नाहीतर फेसबुकच्या मार्केटप्लेसवर जाहिरात पडते. रात्री आठच्या सुमारास पहिला निरोप येतो, ‘लास्ट किती?’ खरी गंमत तिथून सुरू होते.

मला या जुन्या यंत्रांचा नाद आहे. काही घेतली, काही विकली. पण त्याहून जास्त वेळा ओळखीपाळखीच्या लोकांच्या सौद्यात मध्ये बसायची वेळ आली. अशा भांडणांत दोन्ही बाजू बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. विकणाऱ्याने खोटे सांगितलेले नसते, घेणारा उगाच कटकट करत नसतो. तरीही दोघांचे तोंड वाकडे होते, कारण एकच शब्द दोघांनी दोन अर्थांनी घेतलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘चालू’.

आपल्या भागातल्या घरांना हा घोळ समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. इकडच्या कन्नडमध्ये ‘चालू ऐती’ म्हणजे यंत्र सुरू होते, आणि ‘चलो ऐती’ म्हणजे ते चांगले आहे. उच्चारात फरक तेवढासा, पण व्यवहारात पाच-दहा हजारांचा. विकणारा ‘चालू ऐती’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असते, की वायर लावली, लाल दिवा लागला, तबकडी फिरली, आवाज आला. घेणारा मात्र ऐकतो ‘चलो ऐती’, म्हणजे दोन्ही स्पीकर सारखे वाजतात, वेग बरोबर आहे, घरी नेऊन लावायचे आणि ऐकत बसायचे. (आपल्या मराठीत ‘चालू’चा आणखी एक अर्थ आहे, तो माणसांना लावतात. सौदा फिसकटला की दोघेही एकमेकांना तोच लावतात.)

पूर्वी हा घोळ होत नसे, कारण मध्ये रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक असे. प्रत्येक पेठेत एखादा होता. सेट त्याच्या टेबलावर यायचा, तो मागचे झाकण उघडायचा, डाग देऊन दोन तारा जोडायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘एवढ्याला घ्या, पण सुई बदलावी लागेल.’ विकणारा त्याचा, घेणाराही त्याचाच. ‘चालू’ आणि ‘चलो’ यांच्यामधले अंतर तो स्वतःच्या हाताने भरून काढी आणि त्याचे चार पैसे घेई. आता ते टेबल गेले. शहापूरचे घर आणि हुबळीचा तरुण थेट समोरासमोर आले, आणि मधले अंतर भरायला कोणी उरले नाही.

न वापरता बिघडणारी वस्तू

विकणाऱ्याचे म्हणणे असते, ‘अहो, वीस वर्षे कपाटात झाकून ठेवला होता, कोणी हात लावलेला नाही.’ हे तो भूषण म्हणून सांगतो. जाणकार घेणाऱ्याच्या पोटात नेमका याच वाक्याने गोळा येतो. भांडी किंवा फर्निचर झाकून ठेवले तर टिकते. ध्वनियंत्राचे तसे नाही, ते पडून पडून खराब होते.

कॅसेट डेकमधले रबरी पट्टे काही वर्षांनी काळ्या डांबरासारखे वितळतात आणि चाकांना चिकटून बसतात. बाहेरून डेक नवा कोरा, बटण दाबले की मोटर गुणगुणते, पण कॅसेट जागची हलत नाही. ॲम्प्लिफायरमधले कंडेन्सर आतून वाळतात आणि स्पीकरमधून अखंड ‘हूं’ असा घोष सुरू होतो. व्हॉल्यूमचे बटण फिरवले की कढईत पापड तळल्यासारखा आवाज येतो. तो बहुतेक वेळा साध्या काँटॅक्ट क्लीनरने जातो, त्यासाठी भाव पाडू नये. स्पीकरच्या कोनाभोवतीची कडा फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत ती बोट लावताच भुगा होते. रबराची असेल तर पुष्कळ टिकते. म्हणून स्पीकर घेताना जाळी काढून बघू द्या म्हणावे. जाळी काढायला नकार देणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डप्लेअरची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडे घरोघर दिसत ते एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो असे पेटीतले प्लेअर. त्यांना सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि सुई तबकडीवर साधारण पाच-सहा ग्रॅमच्या भाराने टेके. चांगल्या टर्नटेबलची मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालते. हिऱ्याच्या सुईचेही आयुष्य ५०० ते १००० तासांच्या आसपास धरतात. आता आजोबांनी रोज सकाळी तासभर अभंग ऐकले असतील तर ती सुई केव्हाच झिजली. ती वाजते, पण वाजता वाजता तबकडीची खाच खरवडते. म्हणजे ‘चालू’ प्लेअर घरातल्या रेकॉर्डींचा शत्रू झालेला असू शकतो. म्हणून जाहिरातीत ‘सुई जुनी आहे, बदलावी’ एवढे तीन-चार शब्द टाकायला हरकत नसावी. त्याने भाव फारसा उतरत नाही, विश्वास मात्र वाढतो.

परदेशातून आलेल्या सेटचे दुखणे निराळे. आखातातून आलेले बहुतेक सेट आपल्या विजेवर चालतात, किंवा मागे व्होल्टेज बदलायची खिट्टी असते. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे आणि जपानमधले १०० व्होल्टचे. ते आपल्या २३० वर थेट लावले तर धूर निघतो. ट्रान्सफॉर्मर लावला तरी एक अडचण उरते. काही जुन्या टर्नटेबलची मोटर विजेच्या कंपनसंख्येवर फिरते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मग तबकडी सहाव्या हिश्श्याने सावकाश फिरते, आणि काळी चारमध्ये गाणारा गवय्या पांढरी चारच्या आसपास उतरतो. पुली बदलली की काम होते, पण ती मिळायला हवी. मुलगा परदेशातून पाठवतो म्हणाला, तर मागच्या पट्टीचा फोटो आधी मागवावा.

शहापूरचा एक सौदा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका घरी आजोबा गेल्यावर त्यांचा सेट विकायचे ठरले. टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. आजी माहेरच्या गोकाककडच्या, आजोबा शहापूरचे. त्यामुळे रेकॉर्डींच्या रांगेत नाट्यसंगीताला लागून दासांची पदे. आपल्या पट्ट्यात हे नवल नाही. सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व, धारवाडचे मन्सूर, हुबळीच्या गंगूबाई, गदगकडचे भीमसेन ही सगळी आपल्याला घरातलीच माणसे, आणि भीमसेनांनी तर अभंगही गायले आणि दासवाणीही. मुलाने जाहिरातीत लिहिले, ‘एक्सलंट वर्किंग कंडिशन, बारा हजार.’

हुबळीहून एक तरुण शंभरेक किलोमीटर गाडी चालवत आला. रेकॉर्ड लावली तर उजवा स्पीकर वाजतो, डावा मुका. त्याचा चेहरा उतरला. तो आजींना म्हणाला, ‘अज्जी, चालू ऐती अंदिद्री.’

आजी शांतपणे म्हणाल्या, ‘चालू ऐती नोडप्पा.’

‘चालू ऐती, आद्र चलो इल्ला.’

मुलगा चिडला. ‘आमच्याकडे हा असाच वाजत होता. आम्ही काय फसवतोय काय?’ आणि ते खरेच होते. आजोबांच्या शेवटच्या काही वर्षांत एकच बाजू वाजत असणार. त्यांना कमी ऐकू येई, बाकीच्यांना दोन बाजू असतात हेच ठाऊक नव्हते. त्या घरात ‘सेट उत्तम वाजतो’ म्हणजे असाच वाजतो. तरुण म्हणाला, एकाच बाजूचे आठ हजार देतो. मुलगा म्हणाला, मग नकोच. तेव्हा मला फोन आला.

मी जाऊन टर्नटेबलच्या दांड्याचे पुढचे टोक, म्हणजे हेडशेल, काढले. त्याच्या मागे चार बारीक पिना असतात, दोन डाव्या बाजूच्या, दोन उजव्या. त्या काळ्या पडल्या होत्या. पोराच्या कंपासपेटीतले खोडरबर घेऊन त्या घासल्या, पुन्हा बसवले, आणि डावा स्पीकर बोलू लागला. खर्च शून्य. उजवीकडे इतकी वर्षे पेटी ऐकू येत होती, आता डावीकडून टाळ आले. मुलगा चकित होऊन म्हणाला, ‘आई, ह्यात टाळ होते?’

वाचकांना वाटेल, झाले, संपले. तसे नाही, खरे भांडण पुढेच झाले. मुलगा म्हणाला, आता बारा हजार. तरुण म्हणाला, तुम्हाला बिघाड माहीत नव्हता, मी आलो म्हणून तो कळला, आठचे बोलणे झाले होते. दोघांच्याही म्हणण्यात दम होता. मला विचारले तेव्हा मी सांगितले, की भाव जाहिरातीतल्या वर्णनाला ठरला होता आणि आता वस्तू त्या वर्णनाला उतरली आहे, तेव्हा बारा. मात्र वर्णनाला उतरते हे घेणाऱ्याला पटले पाहिजे. आजींनी त्यावर तोड काढली. म्हणाल्या, ‘एक बाजू पुरती ऐक. मग पैसे दे, नाहीतर चहा घेऊन जा.’ तो वीस-बावीस मिनिटे बसून राहिला. मग बारा हजार मोजून दिले. रेकॉर्डी मात्र आजींनी दिल्या नाहीत. वाजवायला काही नसताना त्या ठेवून काय करणार, असे सुनेने विचारले, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

एक बाजू पूर्ण ऐकायची ही अट मला तेव्हापासून फार आवडते. ॲम्प्लिफायरचे बरेच दोष तो गरम झाल्यावरच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर पडतात. दोन मिनिटे वाजवून दाखवणे हे दाखवणेच नव्हे.

भाव कशाचा?

भावाच्या बाबतीत मात्र माझी सहानुभूती विकणाऱ्याकडे कमी आहे. ‘आजोबांची आठवण आहे हो,’ हे खरे, पण त्या आठवणीचे पैसे तिऱ्हाइताने का द्यावेत? आठवण घरी ठेवायची असते, विकायची असते ती यंत्रणा. दुसरा आवडता शब्द ‘अँटिक’. सत्तरच्या दशकातला प्लेअर जुना आहे, अँटिक नाही. आणि पिवळ्याधमक पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचे चित्र चिकटवलेला ‘शंभर वर्षांचा ग्रामोफोन’ ऑनलाइन दिसला तर हात आखडता घ्यावा. जुन्या पेटीग्रामोफोनची चावीची मोटर काढून नव्या लाकडी खोक्यात बसवायची आणि वर नवा कर्णा लावायचा, असले जोडकाम आपल्या देशात वर्षानुवर्षे चालले आहे. शोभेला ठेवायचा असेल तर शोभेच्या भावाने घ्यावा.

रेकॉर्डींच्या बाबतीत शब्दांचा आणखी एक सापळा आहे. जगभरचे विक्रेते ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन मासिकाने रूढ केलेली प्रतवारी वापरतात. तीत ‘व्हेरी गुड’ ही प्रत वरून चौथी येते, मिंट, निअर मिंट आणि व्हेरी गुड प्लस यांच्या खाली. नुसत्या ‘व्हेरी गुड’ तबकडीत खरखर ऐकू येणारच, आणि ‘गुड’ म्हणजे चांगलीच घासलेली. शब्दावर जाऊन घेणारा फसतो, आणि विक्रेता म्हणतो, मी तर नियमाने लिहिले होते. दोघेही बरोबर.

गिऱ्हाइकांचे नखरे

घेणारेही काही साधू नसतात. फोनवर भाव पक्का करायचा आणि दारात आल्यावर लाकडावरच्या ओरखड्याकडे बोट दाखवून निम्म्यावर उतरायचे, ही घासाघीस नव्हे. ओरखडा फोटोत दिसत होता. ‘रविवारी येतो’ सांगून न येणारे तर इतके, की रविवारी घरी बसून राहिलेल्या विक्रेत्याचा मला कळवळा येतो.

शिवाय अज्ञान. एकाने चांगला टर्नटेबल घरी नेऊन तिसऱ्या दिवशी ‘डेड आहे, पैसे परत द्या’ म्हणून तगादा लावला. त्याने तो ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला जोडला होता. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज फार बारीक असतो. तो ‘फोनो’ असे लिहिलेल्या ठिकाणी किंवा वेगळ्या प्री-ॲम्पमधून द्यावा लागतो, नाहीतर डबीतून डास गुणगुणल्यासारखे ऐकू येते. दुसऱ्याला फार ‘हूं’ ऐकू येत होते. टर्नटेबलबरोबर येणारी बारीक अर्थची तार त्याने जादा वायर समजून कापून टाकली होती! विकणाऱ्याने ही दोन वाक्ये आधी सांगितली, तर पुढचे दहा फोन वाचतात.

पैसे आणि कायदा

ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. तिथे पैसापे नावाची सोय होती. पैसे मध्ये थांबत आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळत. घरगुती जाहिरातींच्या व्यवहारात असा मध्यस्थ नसतो. त्यामुळे पाहण्याआधी पूर्ण पैसे पाठवू नयेत, आणि विकणाऱ्यानेही थोडा इसार आल्याशिवाय दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये. इसार कधी परत, कधी नाही, हे निरोपात लिहून ठेवावे.

एक सावधगिरी घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, न बघताच घेतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील,’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

योगायोग असा, की वस्तुविक्रीचा कायदाही १९३० सालचाच आहे. त्याच्या कलम १६ चा मूळ सूर घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे असाच आहे, अपवाद आहेत ते बहुतांशी दुकानदारी करणाऱ्यांसाठी. ग्राहक संरक्षणाखालचे २०२० चे ई-कॉमर्सचे नियमही घरातली वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या सामान्य माणसाला लागू होत नाहीत. मात्र याचा अर्थ विकणाऱ्याला रान मोकळे असा नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ सांगते, की नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे, पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे. शहापूरच्या घरी डावी बाजू मुकी होती हे कोणाला माहीत नव्हते, ती एक गोष्ट. फाटलेल्या कोनावर काळा कागद चिकटवून जाळी बसवणे ही दुसरी.

पार्सलने पाठवायचे झाले तर

माझा सल्ला, शक्यतो पाठवूच नका. माझा स्वतःचा एक टर्नटेबल पुण्याला पोचला तेव्हा झाकणाचे तीन तुकडे झाले होते, आणि कुरिअरवाल्यांचे म्हणणे पडले की खोके तर शाबूत आहे. पाठवायचेच असेल तर जड तबकडी, म्हणजे प्लॅटर, काढून वेगळी गुंडाळायची, दांड्याच्या मागचे वजन काढायचे, दांडा दोऱ्याने बांधायचा, मोटरचे वाहतुकीचे स्क्रू असतील तर आवळायचे, सुई वेगळ्या डबीत. मग खोक्यात खोके. वाजत असतानाचा आणि बांधतानाचा व्हिडिओ विकणाऱ्याने काढावा, उघडतानाचा घेणाऱ्याने. आणि वाटेत मोडले तर नुकसान कोणाचे, हे पाठवण्याआधी ठरवावे. मोडल्यावर ते ठरत नसते.

गेल्या महिन्यात टिळकवाडीतल्या एका काकूंना डेकची जाहिरात लिहून हवी होती. मी अशी लिहून दिली: ‘कॅसेट डेक. वीज लावली की सुरू होतो. पट्टे विरघळले आहेत, त्यामुळे कॅसेट फिरत नाही. हेड आमच्या माहितीप्रमाणे फार वापरलेले नाही, खात्री देता येत नाही. डाव्या कोपऱ्यावर ओरखडा, फोटो क्रमांक तीन. घरी येऊन पाहावा. दोन हजार, थोडे कमी होईल. मराठी, कन्नड दोन्ही चालेल.’ काकू म्हणाल्या, ‘अहो, इतके दोष लिहिल्यावर कोण घेणार?’ तीन फोन आले. त्यातला तिसरा घटप्रभेचा एक मेकॅनिक होता, तो पट्टे खिशात घेऊनच आला.